आपल्या घरचे धनी

मॉन्ट्रियलला मुलीकडे गेले की पहिल्या दोन-चार दिवसांतच मी तिच्याकडून विजेचं बिल मागून घेते. एका तालुक्याच्या वीज कार्यालयात मी एकतीस वर्षं बिलिंगला काढली. कुणाच्या घरी गेल्यावर कुणी पुस्तकांचं कपाट बघतं, कुणी देवघर बघतं. माझी नजर बिलावर जाते. किती युनिट, कुठला स्लॅब, स्थिर आकार किती, मागची थकबाकी आहे का. घर कसं चाललंय ते त्या एका कागदावरून कळतं.

तिचं बिल पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी दोन जागी अडले. कमी दराचा पहिला टप्पा ४० युनिटपर्यंत होता, आणि तो महिन्याला नव्हे, दिवसाला. आमच्या तालुक्यात कितीतरी घरं महिन्याभरातसुद्धा तेवढी वीज जाळत नाहीत. दर युनिटला साडेसहा सेंटच्या आसपास. दुसरी गोष्ट म्हणजे बिल सगळं फ्रेंचमध्ये. ‘इंग्रजीतही देतात गं आई,’ मुलगी म्हणाली, ‘पण मी मागितलंच नाही. इथे राहायचं तर बिल वाचता यायला हवं.’ कंपनीचं नाव हायड्रो-क्वेबेक. इथली माणसं ‘इद्रो-केबेक’ म्हणतात, बहुतेक वेळा नुसतंच ‘इद्रो’. कंपनी सरकारी आहे, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या मालकीची.

ती सरकारी कशी झाली ते मला कळलं खालच्या मजल्यावरच्या मादामकडून, आणि तेही लाईट गेलेली असताना.

५ एप्रिल २०२३ला, बुधवारी, मॉन्ट्रियलमध्ये गोठता पाऊस पडला. पाऊस पाण्याचाच, पण जिथे टेकेल तिथे बर्फाची साल होऊन बसणारा. दुपारपासून झाडं मोडायला लागली. फांदी तुटण्याचा आवाज आधी लांबून आला, मग आमच्याच गल्लीत. खिडकीतून मी तारा बघत होते. वजनाने त्यांना असा झोळ पडला होता की आता तुटतील, मग तुटतील. माझे वडील वायरमन होते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री हाक आली की पकड, हातमोजे आणि कमरेचा पट्टा घेऊन निघायचे आणि ते परत येईपर्यंत आई चूल विझू द्यायची नाही. झोळ पडलेली तार बघितली की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

संध्याकाळपर्यंत प्रांतात दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. इथली बहुतेक घरं विजेवरच गरम होतात, त्यामुळे लाईट जाणं म्हणजे नुसता अंधार नाही, घर हळूहळू थंड पडत जाणंही. पलीकडच्या रस्त्यावर दिवे होते. मुलगी तिथून कॉफी घेऊन आली आणि येताना मादामना वर बोलावून आली. मादामचं वय ब्याऐंशी. हातात मेणबत्ती, अंगावर दोन स्वेटर. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला फ्रेंच येत नाही. मधे मुलगी दुभाषी. माझे वडील वायरमन होते आणि मी बिलं काढायचे हे तिने सांगितलं तेव्हा मादामनी मेणबत्ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘मी आयुष्यातलं पहिलं मत या लाईटसाठीच दिलं.’

१४ नोव्हेंबर १९६२. तेव्हा इथे मतदानाचं वय २१ होतं आणि मादामना एकवीस वर्षं पूर्ण झाली होती.

मी मनात हिशेब केला. त्या महिन्यात आपल्याकडे चीनचं युद्ध चाललं होतं. यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावणं आलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ते हेच दिवस. पृथ्वीच्या या टोकाला एका प्रांतात निवडणूक होतेय आणि ती विजेच्या कंपन्यांवर होतेय, याची तिकडे कुणाला खबर असण्याचं कारणच नव्हतं. पण त्या रात्रीपासून तो विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. नंतर मुलीला ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लावली, तिच्याकडून वाचून घेतलं. विजेची मालकी कुणाची, एवढा एकच प्रश्न घेऊन अख्खं सरकार लोकांपुढे उभं राहतं, हे माझ्या ऐकण्यात कधी आलं नव्हतं.

क्वेबेक म्हणजे नद्या आणि धबधबे. कोळसा नाही, पण पाणी इतकं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथे मोठाल्या वीज कंपन्या उभ्या राहिल्या. शाविनिगनच्या धबधब्यावर १८९८मध्ये स्थापन झालेली कंपनी १९०३पासून मॉन्ट्रियलपर्यंत वीज आणत होती. तिच्या विजेच्या ओढीने अॅल्युमिनियमचे, कार्बाइडचे, कागदाचे कारखाने आले. त्या कंपनीने काम चोख केलं होतं, हे मादामही मान्य करतात. पण नद्या ज्यांच्या गावातून वाहत होत्या ती माणसं फ्रेंच बोलणारी होती आणि कंपन्यांच्या वरच्या खुर्च्यांवर इंग्रजीत कारभार चाले. फ्रेंच मुलगा खांबावर चढे. इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत फार थोडे पोचत, आणि पोचले तरी काम इंग्रजीतच करायचं.

खुद्द मॉन्ट्रियल शहराची वीज आणि गॅस सर हर्बर्ट होल्ट यांच्या कंपनीकडे होता. शहरात ते इतके अप्रिय होते की १९४१मध्ये ते वारल्याची बातमी बेसबॉलच्या मैदानावर सांगितली गेली तेव्हा लोक क्षणभर गप्प झाले आणि मग टाळ्या वाजल्या, असं सांगतात. कुणाच्या मरणावर टाळ्या वाजाव्यात हे मला ऐकवलं नाही. पण विजेचं बिल माणसाच्या मनात किती साचत जातं ते मी काउंटरच्या आतून बघितलेलं आहे, म्हणून ती गोष्ट मी विसरूही शकत नाही.

या कंपन्यांविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो कुणा इंजिनिअरने किंवा पुढाऱ्याने नाही. तो उठवला क्वेबेक शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरने, फिलिप हामेल यांनी, १९३०च्या दशकात. मग अदेलार गोदबू यांचं लिबरल सरकार आलं. १९४०मध्ये त्यांनी प्रांताच्या निवडणुकीत बायकांना मताचा अधिकार दिला. कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत क्वेबेक यात शेवटचा. आणि एप्रिल १९४४मध्ये होल्ट यांची कंपनी ताब्यात घेऊन त्यांनीच हायड्रो-क्वेबेकची स्थापना केली. चारच महिन्यांनी ते निवडणूक हरले. ‘माझ्या आईला मत मिळालं ते गोदबूंमुळे,’ मादाम म्हणाल्या, ‘आणि मी ते मत ज्या हायड्रोसाठी वापरलं तीही गोदबूंची. पण त्यांचं नाव आमच्या घरात कुणी घ्यायचं नाही. घरात द्युप्लेसी.’ मोरीस द्युप्लेसी आणि त्यांचा युनियन नॅशनल पक्ष पुढची पंधरा वर्षं सत्तेत राहिला. त्यांनी हायड्रोला मोठी धरणं बांधू दिली, पण बाकीच्या कंपन्यांना हात लावला नाही.

द्युप्लेसी १९५९मध्ये वारले. २२ जून १९६०ला झाँ लसाज यांचे लिबरल निसटत्या बहुमताने निवडून आले. त्याच्या दोनच दिवस आधी, २० जूनला, आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आलं होतं. आपल्याकडे मंडळ व्हावं की नाही हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. नवं राज्य, नवं मंडळ. २००५मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या तेव्हाही घराघरातून कौल घेतला गेला नाही. मी दोन्ही काळ बघितले, एक बालपणी आणि एक नोकरीत, म्हणून मादामच्या पहिल्याच वाक्यावर मी अडखळले. त्यांना विचारलं होतं!

विचारलं कुणी आणि कसं, हा या गोष्टीतला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे.

लसाज यांच्या मंत्रिमंडळात रने लेवेक नावाचे मंत्री होते. ठेंगणे, सतत सिगारेट ओढणारे, घसा बसल्यासारखा आवाज. आधी ते युद्धाचे वार्ताहर होते, मग सरकारी दूरदर्शनवर जगातल्या घडामोडी समजावून सांगायचे. फळा, खडू, नकाशा आणि छडी. सुएझ असो नाहीतर अल्जीरिया, क्वेबेकच्या स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला तो प्रश्न कळला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मंत्री झाल्यावर त्यांच्याकडे जलसंपत्ती आणि पुढे सगळी नैसर्गिक साधनसंपत्ती आली. १२ फेब्रुवारी १९६२ला वीज सप्ताहाच्या समारंभात, मॉन्ट्रियलच्या एका मोठ्या हॉटेलात, समोर वीज कंपन्यांचीच माणसं बसलेली असताना, त्यांनी तोंडावर सांगितलं की हा सगळा कारभार गोधडीसारखा झालाय आणि तो एका हाताखाली आणला पाहिजे. मुख्यमंत्री लसाज यांनाही ते आवडलं नाही. सरकारचा तसा निर्णय झालेलाच नव्हता.

गोधडी हा शब्द माझा, पण परिस्थिती तशीच होती. उत्तरेकडच्या अबितिबी भागात वीज २५ सायकलची, म्हणजे सेकंदाला २५ आवर्तनांची, बाकी प्रांतात ६० सायकलची. वीज खात्यात काम केलेल्याला यातलं दुखणं लगेच कळेल. मॉन्ट्रियलहून आणलेली मोटर तिथे नीट चालणार नाही, दिव्याची फडफड डोळ्यांना जाणवणार, आणि दोन जाळी एकमेकांना सरळ जोडता येणार नाहीत. इकडे पाणी वाया जातंय, तिकडे विजेची ओरड आहे, आणि मधे नुसती कंपन्यांची हद्द. दर तर जागोजागी वेगळे. मादाम गास्पेझीच्या. सेंट लॉरेन्स नदी समुद्राला मिळते तिथल्या किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. त्या भागात विजेचा दर मॉन्ट्रियलच्या काही पट होता. ‘बाबा संध्याकाळी एकच दिवा लावू द्यायचे,’ त्या म्हणाल्या, ‘आणि आत्याचं मॉन्ट्रियलहून पत्र आलं की तिने विजेची शेगडी घेतली. आम्हाला वाटायचं, मॉन्ट्रियल म्हणजे दुसरा देश.’

एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यांच्या भागातली कंपनी कुणा इंग्रजाने काढलेली नव्हती. रिमूस्कीच्या झ्यूल ब्रिआँ या फ्रेंच उद्योजकाने ती उभी केली होती. म्हणजे भांडण नुसतं भाषेचं नव्हतं. आपल्या भाषेतला मालकसुद्धा विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर स्वस्त वीज देऊ शकत नव्हता, कारण त्याच्या हातात त्याच्याच भागातली गिऱ्हाइकं होती. शहराचं वजन दुर्गम गावामागे उभं करायचं तर जाळं एक हवं. मी नोकरीत असताना हे आकडे रोज बघत होते: डोंगरातल्या एका वाडीसाठी किती खांब लागतात आणि त्या वाडीचं बिल किती येतं. त्या वाडीला दर तोच लावायचा हे ठरवावं लागतं, आपोआप होत नाही.

लेवेक यांच्या बाजूने आणखी एक रोकडा मुद्दा होता. खाजगी कंपन्या नफ्यावरचा आयकर ओटावाला, केंद्र सरकारला भरत. प्रांताच्या मालकीच्या कंपनीला तो लागू नव्हता. म्हणजे तो पैसा प्रांतातच राहणार. लेवेक हे सगळं फळ्यावर मांडायचे.

सप्टेंबरच्या ४ आणि ५ तारखेला लसाज यांनी मंत्रिमंडळाला क्वेबेक शहराच्या उत्तरेला, जंगलातल्या एका तळ्याकाठी मासेमारीच्या बंगल्यावर नेलं. तळ्याचं नाव लाक-आ-लेपोल. वाद झाला. जॉर्ज मार्लर हे इंग्रजी भाषकांचे वजनदार मंत्री विरोधात होते. शेवटी लसाज यांनी ठरवलं: राष्ट्रीयीकरण करायचं, पण आधी लोकांना विचारायचं. सरकारला दोनच वर्षं झाली होती, निवडणुकीची काहीच घाई नव्हती. यात राजकीय गणितही होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. त्याच जूनमध्ये केंद्राच्या निवडणुकीत सोशल क्रेडिट पक्षाने क्वेबेकमधून २६ जागा घेऊन सगळ्यांना हादरवलं होतं, आणि विरोधक सावरायच्या आत मैदान मारणं लिबरलांच्या सोयीचं होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. राजकारण्याची सोय आणि लोकांचा प्रश्न एका रेषेत आले तर ती रेषा लोकांनी वापरून घ्यावी.

घोषणा होती ‘मेत्र शे नू’. मुलीने भाषांतर केलं, ‘आपल्या घरात आपण मालक’. मी म्हटलं, मालक नको, धनी म्हण. ‘आपल्या घरचे धनी.’ मालक जमिनीचा असतो, दुकानाचा असतो. धनी म्हटलं की घराची जबाबदारी आली, शब्द पाळणं आलं. पण तोच शब्द बोलून झाल्यावर मला आठवलं की माझी आई वडिलांना धनी म्हणायची, आणि घर मात्र ती चालवायची. शब्द आपलाच असला तरी त्यात कोण बसतं आणि कोण बसत नाही हे बघावं लागतं. ते पुढे येईलच.

भिंतीभिंतींवर एक पोस्टर होतं, विजेच्या लोळांना मुठीत धरलेला हात. लेवेक फळा घेऊन प्रांतभर फिरले. मादामच्या गावाजवळ ते शाळेच्या सभागृहात आले होते. वडील युनियन नॅशनलवाले, ते गेले नाहीत. मादाम आणि त्यांची आई गेल्या. ‘ते ओरडले नाहीत,’ मादाम म्हणाल्या. ‘त्यांनी फळ्यावर दोन रकाने काढले. एका बाजूला आमचा दर, दुसऱ्या बाजूला मॉन्ट्रियलचा. मग विचारलं, पाणी कुणाचं? माझी आई दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली. घरी येताना ती मला म्हणाली, मला समजलं. एवढंच. मला समजलं.’

हे वाक्य मुलीने मराठीत सांगितलं तेव्हा माझा गळा दाटला. कारण मला १९९५ आठवलं. आपल्याकडचीही एक विधानसभा निवडणूक विजेच्या भोवती फिरली होती. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, असं गोपीनाथ मुंडे सभांमधून सांगत. सरकार बदललं, करार रद्द झाला, आणि १९९६मध्ये तोच पुन्हा नव्या अटींवर झाला. त्या काळात लोक माझ्या काउंटरवर येऊन विचारायचे, ‘बाई, ही वीज आपल्याला किती रुपयांनी पडणार?’ मला सांगता यायचं नाही. मलाच कुणी सांगितलं नव्हतं. लोकांना राग होता, बाजू होती, घोषणा होती. दोन रकाने काढून दाखवणारं कुणी माझ्या तालुक्यात तरी आलं नाही. माझ्या हातात खडू घेऊन मीसुद्धा ते शोधून काढायला हवं होतं, असं आता वाटतं.

विरोधी पक्षनेते डॅनियल जॉन्सन काही खलनायक नव्हते. त्यांचं म्हणणं असं की एवढा मोठा निर्णय आहे तर त्यावर वेगळं सार्वमत घ्या, निवडणुकीत गुंडाळू नका. मुद्दा चुकीचा नव्हता. पण समोर तीन शब्दांत मावणारी घोषणा असताना सार्वमताचा मुद्दा लोकांना टाळाटाळ वाटला. ११ नोव्हेंबरला, रविवारी, लसाज आणि जॉन्सन दूरदर्शनवर समोरासमोर बसले. कॅनडातला पक्षनेत्यांचा तो पहिलाच असा वाद. मादाम काकांच्या घरी बघायला गेल्या होत्या, कारण त्यांच्या घरी संच नव्हता. लसाज तयारीने आले होते, आकडे पाठ. जॉन्सन त्या मानाने चाचपडले. वडील काही न बोलता उठून बाहेर गेले, एवढं मादामना आठवतं.

बुधवारी मतदान. लिबरलांना ९५पैकी ६३ जागा आणि छप्पन्न टक्क्यांहून जास्त मतं. आधीच्या वेळी ५१ जागा होत्या.

मग खरेदी. ताबा घ्यायचा तो हिसकावून नाही, भागधारकांना पैसे देऊन. अकरा कंपन्या, एकूण ६० कोटी ४० लाख डॉलर. त्यातले ३० कोटी अमेरिकेच्या बाजारात रोखे विकून उभे केले. आपल्या घरचे धनी व्हायला न्यूयॉर्कचं कर्ज काढावं लागलं, यावर तेव्हा काहींनी बोट ठेवलं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. कर्ज काढून घर घेतलं तरी दारावर पाटी आपलीच लागते, आणि हप्ते भरायची धमक असली म्हणजे झालं. हायड्रोने ते भरले. कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठी असलेली वीजकेंद्रं, अॅल्युमिनियमवाल्यांची तर मोठीच, वगळली गेली. नवी व्यवस्था लागू झाली १ मे १९६३ला. आपला महाराष्ट्र दिन.

राष्ट्रीयीकरण म्हटलं की मला १९६९च्या बँका आठवतात, दिल्लीचा वटहुकूम आठवतो. इथे ते प्रांताने केलं आणि तरी शब्द ‘राष्ट्रीय’च वापरला. क्वेबेकच्या माणसाच्या मनात आपलं राष्ट्र म्हणजे आपला प्रांत, ही भावना विजेच्या तारेतून घट्ट झाली, असं मला वाटतं. अबितिबीची वीज ६० सायकलवर आणली गेली. गास्पेझीचे दर उतरत मॉन्ट्रियलच्या रांगेत आले. कामाची भाषा फ्रेंच झाली. ‘व्होल्टेज’ आणि ‘ट्रान्सफॉर्मर’ यांच्याबरोबर येणारी सगळी बोली फ्रेंचमध्ये घडवावी लागली. आणि १९६५मध्ये झाँ-झाक आर्शांबो या हायड्रोच्या इंजिनिअरच्या कल्पनेतून ७३५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. एवढ्या दाबाची जगातली पहिली. उत्तरेच्या मानिकुआगन नदीवरची वीज शेकडो किलोमीटर आणायची तर दाब वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ज्यांना पंधरा वर्षांपूर्वी खांबावरच चढायला लावलं जात होतं त्यांनी जगाला वीज वाहून न्यायची नवी रीत शिकवली. हे सांगताना मादामचा आवाज बदलला. माझे वडील असते तर त्यांनी सात वेळा विचारलं असतं, ‘सातशे पस्तीस?’

त्याच मानिकुआगन नदीवर मानिक-५ हे धरण आहे. २१४ मीटर उंच, कमानींचं, एखाद्या देवळाच्या ओवऱ्या एकाशेजारी एक उभ्या कराव्यात तसं. १९६६मध्ये लसाज हरले आणि जॉन्सन मुख्यमंत्री झाले. २५ सप्टेंबर १९६८च्या संध्याकाळी धरणावर मेजवानी होती. तिथे जॉन्सन, लसाज आणि तोवर लिबरल पक्ष सोडलेले लेवेक, तिघांनी एकत्र हात धरले, त्याचा फोटो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभाआधीच जॉन्सन तिथल्याच खोलीत झोपेत वारले. त्या धरणाला आज त्यांचं नाव आहे. ज्या निवडणुकीत ते विजेच्या राष्ट्रीयीकरणापुढे हरले, त्या विजेच्या सगळ्यात देखण्या धरणाला त्यांचं नाव! त्या फोटोकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

पण मानिकच्या जलाशयाखाली जी जमीन गेली ती इन्नू आदिवासींची. तिथे त्यांच्या शिकारीच्या वाटा होत्या, पुरलेली माणसं होती. पाणी कुणाचं, असं लेवेक यांनी फळ्यासमोर विचारलं तेव्हा सभागृहात इन्नू कुणी नव्हते. आणि असते तरी उपयोग नव्हता, कारण क्वेबेकमध्ये राखीव वस्त्यांवरच्या आदिवासींना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९६९मध्ये. आपल्या घरचे धनी कोण, यावर १९६२मध्ये मत घेतलं गेलं तेव्हा घरातल्या सगळ्यात जुन्या माणसांच्या हातात मतपत्रिकाच नव्हती. पुढे १९७१मध्ये जेम्स बे हा जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला, तोही तिथल्या क्री आणि इनुइट लोकांना न विचारता. ते कोर्टात गेले. १५ नोव्हेंबर १९७३ला न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला. आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो उठवला, पण त्या हुकमाच्या जोरावर सरकारला वाटाघाटीला बसावं लागलं आणि १९७५मध्ये करार झाला.

हे मी मादामना त्या रात्री नाही, तिसऱ्या दिवशी विचारलं. गुड फ्रायडे होता. आमच्या गल्लीत अजून लाईट नव्हती. त्या वर आल्या होत्या, पायावर माझी गोधडी घेऊन बसल्या होत्या. मुलीने प्रश्न जपून विचारला. मादाम बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्यांना मत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या आईला मत नव्हतं हे मी सगळ्यांना सांगत आले.’

मग मी माझ्या आईचं सांगितलं. कोयनेची पहिली वीज सुरू झाली तीही १९६२मध्येच. आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. माणसं उठून कुठे कुठे गेली, कुणी सोलापूरकडे, कुणी ठाण्याकडे. मामा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेला आणि त्याच्या नव्या वस्तीत लाईट यायला वर्षानुवर्षं लागली. वडील त्याच विजेच्या तारा सांभाळायचे. आई त्यांना डबा बांधून द्यायची. घरात या दोन गोष्टी कधी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की आई म्हणायची, देवळाचा चौथरा दिसत असेल आता.

मुलगीही हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिने मधेच भाषांतर थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा सांगायला लागली.

मादामनी विचारलं, त्या गावाचं नाव काय. मी सांगितलं. त्यांनी म्हणून बघितलं. ‘ळ’पाशी जीभ अडली. त्यांच्या भाषेत ते अक्षरच नाही. मी ओठ आणि जीभ कशी ठेवायची ते दाखवलं. दुसऱ्या वेळीही चुकलं. तिसऱ्या खेपेला जवळजवळ बरोबर आलं, आणि त्या ते नाव हळू आवाजात पुन्हा एकदा म्हणाल्या.

लाईट त्यानंतर तासाभराने आली.